पाटी एकाची, उधारी दुसऱ्याची

आता एजंटनं केलेल्या उधारीचा प्रश्न. इंग्लंडमध्ये हंबलनं आपला बिअरचा गुत्ता फेनविक पेढीला विकला, पण व्यवस्थापक म्हणून तोच राहिला. पाटी त्याची, परवानाही त्याचाच. सिगार बाहेरून घ्यायचे नाहीत, ही मालकांची ताकीद. त्यानं वॉटोकडून उधार घेतले. खरे मालक नंतर कळल्यावर वॉटोनं त्यांच्यावरच दावा लावला.

१८९२ मध्ये न्यायालयानं फेनविकना जबाबदार धरलं. अशा धंद्यातल्या व्यवस्थापकाला जो अधिकार सहसा असतो, तो गुप्त ताकिदीनं तिऱ्हाइतापुरता कमी होत नाही, असं ठरलं.

आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम २३७ मात्र पाहतं, की मालकानं बोलण्या-वागण्यातून तिऱ्हाइताचा तसा समज करून दिला का? वॉटोला तर मालक आहे हेच ठाऊक नव्हतं! म्हणून तो निकाल आजही वादात आहे.