चार मिनिटांचा किलोमीटर

पुणं, १९१९. डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत तुम्ही धावायला उभे आहात. पायांखाली कोरडी माती आणि बारीक खडे. मनगटावर घड्याळ नाही, पायांत बूट नाहीत. शेजारी शेतकऱ्याचा एक तरणा पोर उभा आहे. टाचांना भेगा पडल्यात, पोटऱ्या मात्र दोरखंडासारख्या पिळदार. त्याच्या पलीकडचाही अनवाणीच. समोर अध्यक्षस्थानी सर दोराबजी टाटा बसले आहेत.

इशारा होतो आणि पोरं सुटतात. शंभर पावलांतच तुमच्या लक्षात येतं, यांच्यातलं कुणी पाय आपटत नाही. टाच जोरात टेकली की खडा टोचतो. म्हणून पाऊल अलगद, अंगाच्या खालीच पडतं आणि लगेच उचललं जातं. तुम्हाला धाप लागते, शेजारच्याचा श्वास अजून संथ आहे. नांगरामागे चालणं, बाजाराची पायपीट, रोजची ओझी यांतून त्यांनी दमसास कमावलाय. रीतसर तालीम नसतानाही यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जातात, हे दोराबजींनी तिथेच हेरलं. या पोरांना ऑलिंपिकला धाडायचं त्यांनी मनावर घेतलं आणि त्यासाठी स्वतःची पदरमोडही केली.

पुढच्या वर्षी चार धावपटू आणि दोन मल्ल बोटीने निघाले. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. आता तुम्ही त्यांच्यासोबत आहात.

२२ ऑगस्ट १९२०, अँटवर्प. महायुद्ध थांबून दोन वर्षंही झालेली नाहीत. पाच वर्तुळांचा ध्वज ऑलिंपिक स्पर्धांत पहिल्यांदाच फडकतोय. ऑगस्ट असूनही पाऊस अंगाला झोंबतो. स्टेडियमबाहेर पडताच बनियन छातीला चिकटतो, बोटं गारठतात. मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची आहे. याहून लांब मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये कधीच झालेली नाही. सुरुवातीचे किलोमीटर फसवे असतात. पाय ताजे, आजूबाजूचे वेगात, म्हणून आपणही रेटावंसं वाटतं. तुम्ही स्वतःला आवरता. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास शरीरातला साखरेचा साठा आटत येतो, मांड्या जड होतात आणि डोकं थांबण्याची कारणं शोधू लागतं. तेव्हा उरते ती फक्त सवय. एक पाऊल, मग दुसरं.

तिकडे स्टेडियममध्ये निकाल लागलाय. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंदांत पहिला आला. एस्टोनियाचा युरी लोसमान जेमतेम तेरा सेकंद मागे. तिसरा आलेला इटलीचा व्हालेरियो आर्री तर आनंदाने कोलांट्या घेतोय. तुमच्यापुढे अजून रस्ता आहे. पुढच्यांचं संपलं म्हणून तुमचं अंतर कमी होत नाही. चौगुले पळत राहतात, आणि २ तास ५० मिनिटं ४५.४ सेकंदांनी एकोणिसावे येतात.

या एकोणिसाव्या क्रमांकाचं मोल मैदानावर उतरल्याशिवाय कळत नाही. दर किलोमीटरला सरासरी चार मिनिटं, हा त्यांचा वेग होता. तुम्ही जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करत असाल, तर अंग नीट गरम करून एकदा ४०० मीटरच्या ट्रॅकवर ९६ सेकंदांत फेरी मारून पाहा. दुसऱ्या वळणावर छाती भरून येईल. चौगुल्यांनी तेवढ्या वेगाने जवळपास १०७ फेऱ्यांचं अंतर काटलं, तेही पावसात.

ती एक फेरी झाली की वेगाचा नाद सोडा आणि रोजच्या धावण्याकडे वळा. जिमखान्यावरच्या पोरांना दमसास कामातून आपसूक मिळत होता. आपला दिवस खुर्चीत जातो, म्हणून आपल्याला तो वेळ काढून कमवावा लागतो. त्याचा मार्ग सोपा आहे. आठवड्यातले बहुतेक दिवस सोबत्याशी गप्पा मारता येतील इतक्या संथपणे पळा. एक दिवस लांब पल्ला ठेवा आणि तो हळूहळू वाढवा. एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या, कारण स्नायू बळकट होतात ते विश्रांतीतच. कंटाळा आला, पाऊस लागला, ऑफिसात उशीर झाला, तर अंतर कमी करा, पण बाहेर पडणं सोडू नका. वीस मिनिटांचं धावणंही सवय जिवंत ठेवतं. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ लागेल तेव्हा आदल्या रात्रीचा उत्साह केव्हाच ओसरलेला असेल; तिथे कामी येतील ते हेच साधे, कुणी न पाहिलेले दिवस. क्रमांक कितवा येईल हे आपल्या हातात नाही. उद्या सकाळी बूट घालून दाराबाहेर पडणं मात्र पूर्णपणे आपल्याच हातात आहे, आणि मॅरेथॉनची तयारी म्हणजे तेवढंच, पुन्हा पुन्हा.