धाराशिवच्या लेण्यांतली खोली: ध्यानाची जागा पूर्वी कशी ठरायची?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. धाराशिवजवळच्या माळावर त्याची दोन एकर जमीन आहे. तिथे छोटं ध्यानकेंद्र बांधायचंय, निसर्गाला धरून. इतिहासात असं काही सापडतं का, असं त्याने विचारलंय.

सापडतं की! आणि त्यासाठी बालीचे फोटो बघायची गरज नाही. २०२३ मध्ये ज्या गावाच्या जुन्या नावावरून उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, त्याच गावापासून थोड्या अंतरावर बालाघाटच्या डोंगरात सात लेणी आहेत. काम साधारण पाचव्या ते सातव्या शतकातलं. पण लेण्यांत शिरण्याआधी थोडं मागे जाऊ, कारण या जागांचे नियम दगडाच्या आधी ठरले होते.

आपण ज्याला रिट्रीट म्हणतो त्याचं जुनं नाव वर्षावास. बुद्धाचे भिक्खू सतत फिरायचे, पावसाळ्यातसुद्धा. विनयपिटकात गोष्ट अशी येते की लोक कुरकुर करायला लागले. पक्षीसुद्धा पावसाळ्यात घरटं करून एका जागी बसतात, आणि हे लोक हिरवं गवत आणि बारीक जीव तुडवत फिरतायत! मग तीन महिने एका ठिकाणी राहायचा नियम झाला. जैन मुनींचा चातुर्मासही याच काळजीतून येतो. म्हणजे एका जागी थांबायचं पहिलं कारण स्वतःची शांतता नव्हतंच. पायाखालचे जीव वाचावेत, हे होतं. मला ही गोष्ट फार आवडते.

आता बांधकाम. आळवी नावाच्या गावचे भिक्खू स्वतःसाठी झोपड्या बांधायला लागले, त्यांना मापच राहिलं नाही. माणसं द्या, बैल द्या, कुऱ्हाड द्या, फावडं द्या, असं ते गावात मागत सुटले. शेवटी लोक भिक्खू दिसला की रस्ता बदलायला लागले. (वर्गणीवाले दिसले की आपण करतो तसंच!) त्यावर नियम आला: स्वतःसाठी झोपडी बांधायची तर आतून बारा वीत लांब आणि सात वीत रुंद, त्यापेक्षा मोठी नाही. ही वीत नेमकी केवढी यावर वाद आहेत, पण खोली एका माणसापुरतीच, हे नक्की. शिवाय जागा आधी इतर भिक्खूंना दाखवायची. तिथे मुंग्यांचं किंवा वाळवीचं वारूळ, साप-विंचवांची बिळं आहेत का, कुणाचं शेत आहे का, हे ते बघणार. झोपडीभोवती बैल जुंपलेली गाडी फिरेल एवढी मोकळी जागा हवी. मंजुरी मिळाली तरच काम सुरू.

आणि धनियाची गोष्ट तर ऐकाच. हा कुंभाराचा मुलगा. त्याची गवताची झोपडी लोक सारखी मोडून न्यायचे. वैतागून त्याने पूर्ण मातीची झोपडी बांधली आणि गवत, लाकूड, शेणी रचून अख्खी भाजून काढली. लालबुंद, सुंदर, ठोकली की घंटेसारखी वाजणारी. आज कुणी अशी बांधली तर तिचं रील लाखोंनी बघतील. बुद्धाने ती फोडायला लावली. भाजताना किती जीव मेले असतील, याचा विचार केला नाही म्हणून. माती नैसर्गिक असते, पण भट्टीचं काय? 'इको-फ्रेंडली' असं पाटीवर लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

आता चला डोंगरात. इथून जवळच तेर, म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात तगरच्या कापडाचा उल्लेख आहे. म्हणजे हा भाग व्यापाराचा. बाजारापासून दूर, पण भिक्षेला जाऊन परत येता येईल एवढ्या अंतरावर. राजगृहाजवळच्या वेळुवनासाठीही हीच अट सांगितली आहे: गावापासून फार लांब नाही, फार जवळ नाही, दिवसा गर्दी नाही, रात्री आवाज नाही.

दुसऱ्या क्रमांकाचं लेणं सगळ्यात मोठं. सभामंडप सुमारे ८० फूट लांब आणि जवळपास तेवढाच रुंद, भोवती लहान लहान खोल्या, मागे गाभारा. अजिंठ्याच्या वाकाटक काळातल्या विहारांसारखाच आराखडा. सगळ्यांचं ते भरपूर मोठं आणि एकट्याचं ते अगदी लहान, अशी वाटणी. आज उलटं असतं: कॉटेज मोठं, आणि एकत्र बसायला एक पत्र्याची शेड.

पण उगाच भारावून जाऊ नका. ८० फुटांचा मंडप डोंगरात खोदायला पैसा लागतो आणि राबणारे हातही. शिवाय इथला खडक अजिंठ्यासारखा नाही, मऊ आणि कमीजास्त कठीण. त्यामुळे पडझड खूप झाली. माझं स्पष्ट मत आहे की जागा निवडणाऱ्यांनी अंतर बरोबर धरलं, दगड नाही.

लेणी कुणाची, यावर वाद झाला. जेम्स बर्जेसने १९व्या शतकात ती जैन मानली. नंतर म. के. ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी ती मूळची बौद्ध असल्याचं मांडलं, जैनांकडे ती पुढे आली. दोघांनाही जागा पटली, एवढं मात्र खरं.

आणि आता पाणी, कारण आपल्या जिल्ह्यात शेवटी सगळं तिथेच येतं. कनकामर मुनींच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापूरजवळच्या लेण्याची कथा आहे. हीरालाल जैन यांनी ते १९३४ मध्ये संपादित करून छापलं. राजा करकंड लेण्यात जातो, तर मूर्तीच्या सिंहासनावर त्याला एक गाठ दिसते. कारागीर सांगतो, खोदताना इथे झरा लागला होता, तो बंद करायला ही गाठ ठेवलीय. राजाला राहवत नाही, तो गाठ फोडायला लावतो. पाणी उसळतं आणि लेणं भरून जातं. मग त्याला वरच्या बाजूला नवं लेणं खोदावं लागतं.

तर दोन एकरवाल्या मित्रा, खोल्या किती हे नंतर ठरव. आधी मे महिन्यात विहिरीत दोरी सोडून बघ, आणि तेवढ्या पाण्यात किती माणसं राहतील ते मोज. दुष्काळात शेजारच्या शिवारात टँकर येत असताना तुझ्या पाहुण्यांसाठी शॉवर चालू असेल, तर आळवीच्या लोकांसारखे गावकरीही तुला बघून रस्ता बदलतील. बांधायला सुरुवात करण्याआधी वारुळं कुठे आहेत तेही बघून घे.

लेणी बघायची तर पाऊस संपल्यावर जा, डोंगर हिरवा असतो. पुढच्या भागात तेरच्या संग्रहालयात जाऊ. तिथल्या हस्तिदंती बाहुलीसारखीच एक मूर्ती थेट इटलीतल्या पॉम्पेईत सापडलीय. भेटूच!