सूचीपासून शोधयंत्रापर्यंत

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत हवे ते पुस्तक नेमक्या कपाटात सापडते, याचे आम्हा बडोदेकरांना फारसे नवल वाटत नाही. पण त्यामागे मोठी खटपट आहे. महाराज सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून घेतले. त्यांनी पुस्तकांची विषयवार वर्गवारी बसवली आणि इथल्या माणसांना ती विद्या शिकवली. ग्रंथ कितीही जमवले तरी वाट दाखवणारी सूची नसेल, तर ते असून नसल्यासारखेच.

इंटरनेटवरही आधी सूचीच आली. जानेवारी १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फायलो या दोन विद्यार्थ्यांनी आवडलेल्या संकेतस्थळांची यादी करायला घेतली. यादी वाढली तसे विषयांचे कप्पे आणि पोटकप्पे पडले. तीच पुढे ‘याहू’ झाली. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘डीमॉझ’ या सूचीचे काम तर हजारो स्वयंसेवक करीत. माणसाने संकेतस्थळ उघडून पाहायचे आणि योग्य कप्प्यात लावायचे, अशी ही रीत. संकेतस्थळे भराभर वाढली आणि माणसांचे हात पुरेनात. याहूची सूची २०१४ च्या अखेरीस बंद झाली, डीमॉझ २०१७ मध्ये.

दुसरी वाट यंत्राची. शोधयंत्राचा प्रोग्राम एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात राहतो आणि कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आहे, याची नोंद ठेवतो. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तशीच ही. डिसेंबर १९९५ मध्ये आलेल्या ‘अल्टाव्हिस्टा’ने लाखो पाने क्षणात धुंडाळून दाखवली. पण सापडलेल्या हजार पानांतले भरवशाचे कोणते? लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी दुव्यांचा आधार घेतला. ज्या पानाकडे इतर पाने, त्यातही मातब्बर पाने, बोट दाखवतात ते वर. स्थळाची चौकशी करताना आपण चार जाणत्यांचा शब्द मानतो, त्यातलाच हा प्रकार. १९९८ मध्ये याच पायावर ‘गूगल’ कंपनी उभी राहिली.

मराठीची अडचण निराळी होती. शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत पडद्यावर ‘गणपती’ दिसे, पण संगणकाने आत साठवलेली असत ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. मग शोधणाऱ्याला तो शब्द सापडणार कसा? युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच जागा होती, पण ते घरोघरी रुळायला बरीच वर्षे गेली.

हे सारे आठवण्याचे कारण घरचेच आहे. गेल्या वर्षी आम्ही इथल्या एका जुन्या वाड्याची माहिती इंटरनेटवर शोधली. काहीच हाती लागले नाही. नंतर तोच लेख आमच्या मंडळाच्या कपाटात, एका जुन्या स्मरणिकेत मिळाला! पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या घराण्यांच्या किती हकिकती अशाच कपाटबंद आहेत. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात गेलेली आपलीच नातवंडे उद्या त्या शोधतील, तेव्हा त्यांना काय दिसेल?

म्हणून जुन्या अंकांतील लेख युनिकोडमध्ये टंकून काढायचे आम्ही ठरवले आहे. प्रत्येक घराने एक लेख घेतला, तरी हे काम मार्गी लागेल. ज्यांच्या घरी जुने अंक असतील, त्यांनी ते आरतीला येताना जरूर आणावेत.