कानाला फसवणारा डबा

आजची गोष्ट सुरू होते पियानोच्या कारखान्यात. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये एडविन लिंकच्या वडिलांचा हा कारखाना होता. आपोआप वाजणारे पियानो आणि थिएटरचे ऑर्गन तिथे बनायचे. ही वाद्यं चालायची हवेवर, म्हणजे पंप, झडपा आणि भाते. एडविनला वेड विमानाचं, पण उडायला शिकणं भयंकर महाग. मग पठ्ठ्यानं तेच भाते एका बुटक्या लाकडी विमानाखाली बसवले. दांडा हलवला की भाते फुगायचे, मिटायचे आणि विमान जागच्या जागी कलायचं. १९२९ साली हे तयार झालं, पण गिऱ्हाईक कोण? बहुतेक जत्रा-पार्कवाले!

मग आला फेब्रुवारी १९३४. अमेरिकेत टपाल विमानांचं काम अचानक लष्कराकडे गेलं. कडक हिवाळा, रात्र, धुकं. काही आठवड्यांत डझनभर वैमानिक गेले.

आता जरा कानात शिरू. आत जेलीसारख्या थरावर बारीक खडे असतात. डोकं मागे झुकलं की ते मागे सरकतात, आणि पुढे वेग घेतला तरी मागेच सरकतात. मेंदूकडे सिग्नल एकच! खरं काय ते डोळे सांगतात, पण ढगात डोळ्यांना काहीच दिसत नाही. तिथे शरीरावर नाही, काट्यांवर विश्वास ठेवावा लागतो, आणि लिंकच्या डब्यात तेच शिकता यायचं. लष्करानं त्याच वर्षी ६ डबे घेतले, प्रत्येकी ३,५०० डॉलरला.

गंमत पुढे आहे. आजचा सिम्युलेटर कानाच्या याच गोंधळावर चालतो. १९६५ मध्ये स्ट्युअर्ट या इंजिनिअरनं सहा पायांच्या प्लॅटफॉर्मवर पेपर लिहिला. डनलॉपच्या गफनं टायर तपासायला तसंच यंत्र आधीच केलं होतं, पण नाव पडलं स्ट्युअर्टचं. असो. टेकऑफला हे पाय आधी पुढे छोटा धक्का देतात, मग केबिन हळूच मागे कलते. पडदाही सोबत कलतो, म्हणून क्षितिज जागेवरच दिसतं. पाठीला सीटवर दाबतं ते फक्त गुरुत्वाकर्षण, आणि मेंदू म्हणतो, सुसाट निघालो!

त्या धक्क्यानंतर पाय इतक्या सावकाश मूळ जागी येतात की कानाला पत्ताच लागत नाही. याला वॉशआउट म्हणतात. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत साधा हाय-पास फिल्टर.

फायटर विमानाच्या वळणातला ५ जी मात्र या पायांना देता येत नाही. कलून कलून मिळणार किती, जेमतेम एक. त्यासाठी माणसाला लांब दांड्याच्या टोकाला बसवून गरागरा फिरवावंच लागतं.