मोस्कातेल वाइन : आस्वाद व परीक्षण

मस्कत कुलातील द्राक्षांची सुगंधी पांढरी वाइन. स्पेन-पोर्तुगालात तिला मोस्कातेल, इटलीत मोस्कातो म्हणतात. बारीक मण्यांची पांढरी मस्कत आणि मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया या तिच्या मुख्य जाती. बहुतेक वाइनना द्राक्षाचा वास येत नाही. हिला येतो, आणि परीक्षणाची सुरुवात तिथूनच होते.

हा वास मोनोटर्पीन गटातील द्रव्यांचा. मस्कत द्राक्षांत त्यांचे प्रमाण लिटरमागे ६ मिलिग्रॅमपर्यंत जाते. गंधहीन जातींत ते १ मिलिग्रॅमहून कमी असते. यांतले लिनॅलूल धण्यांत, तर जिरॅनिऑल गुलाबात आणि रोशा गवतात सापडते. वाइन हुंगण्याआधी चार धणे चुरडून नाकाशी धरले, की काय शोधायचे ते कळते. ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात नाशिककडून येणारे थॉमसन सीडलेस द्राक्ष या कामी निरुपयोगी : गोडी भरपूर, गंध जवळजवळ नाही. बिया असलेली काळी ‘गुलाबी’ द्राक्षे मिळाली तर ती सालीसकट चावून पाहावीत. ही मस्कत हॅम्बर्ग, म्हणजे याच गोतातली. तमिळनाडूच्या कंबम खोऱ्यात तिला पन्नीर म्हणतात.

नाकाला गोड वाटलेली मोस्कातेल जिभेला गोड लागेलच असे नाही. फ्रान्सच्या अल्सास प्रांतातली मस्कत बहुधा कोरडी असते. पोर्तुगालच्या सेतूबालची मोस्कातेल याच्या उलट : किण्वन चालू असतानाच द्राक्षाचा मद्यार्क घालून ते थांबवतात, त्यामुळे साखर उरते; शिवाय साली महिनोन्‌महिने वाइनमध्ये मुरू देतात. रंग मधासारखा, वास संत्र्याच्या सालीचा, मनुकांचा. दोन्हींत पाहायचा तो आंबटपणा. तो कमी पडला की गोड मोस्कातेल नुसता पाक होते आणि कोरडी मोस्कातेल अत्तराच्या पाण्यासारखी लागते. शेवटी येणारा किंचित कडवटपणा सालीचा असतो. तो दोष धरू नये, घशाला लागला तर मात्र धरावा.

नाशिकच्या वायनऱ्यांची ‘लेट हार्वेस्ट’ (उशिरा खुडलेल्या द्राक्षांची) शेनँ ब्लाँ इथल्या दुकानांत गोड वाइन म्हणून मिळते. पुष्कळजण तिला मोस्कातेलची बहीण समजतात. गोडी सारखी असेलही, पण तिच्या वासात धणे-गुलाब सापडत नाहीत.

डोंबिवलीतल्या मे महिन्यात मोठी अडचण उकाड्याची. फ्रिजमधून थेट ग्लासात ओतलेली वाइन वास देत नाही. साधी मोस्कातेल ८ ते १० अंश सेल्सिअसला चाखावी, सेतूबालची थोड्या अधिक तापमानाला. दमट हवेत ग्लासावर बाहेरून पाणी धरते, म्हणून रंग पाहण्याआधी तो पुसावा. पश्चिमेच्या भिंतीलगतच्या कपाटात उन्हाळाभर राहिलेली बाटली बाद समजावी : उष्णतेने लिनॅलूलचे रूपांतर टर्पिनिऑलमध्ये होते आणि फुलांचा वास मावळतो. साधी मोस्कातेल ताजीच प्यावी; मुरवण्याचा मान मद्यार्क घातलेल्या प्रकारांचा.

गुण देतानाही वास आधी, गोडी नंतर : डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या २० गुणांच्या पद्धतीत गंधाला ४ गुण आहेत, गोडीला फक्त १.