घर्षणातून उमटलेली रेषा

कातीव लाकडी वाडग्याच्या काठाखाली पुष्कळदा दोन-तीन बारीक काळी वलये दिसतात. ती कुंचल्याने ओढलेली असावीत असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तेथे रंगाचा थेंबही नसतो. कातारी फिरत्या लाकडावर पटाशीच्या टोकाने आधी एक नाजूक खाच पाडतो, आणि मग त्या खाचेत कठीण लाकडाची धार किंवा ताणून धरलेली तार दाबतो. धूर निघतो, जळक्या लाकडाचा वास येतो आणि खाच काळी पडते. तारेच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधलेल्या असतात. तार बोटाला गुंडाळून हे काम करू पाहणाऱ्याचे बोट शाबूत राहील याची शाश्वती नाही.

लाकडावर लाकूड घासून अग्नी सिद्ध करण्याची विद्या या देशात फार प्राचीन. यज्ञातील अरणिमंथनात खालच्या अरणीवर उभा मंथा ठेवीत, त्याला दोरीचे वेढे देत आणि ती दोरी आलटून पालटून ओढीत. कातारी ज्या साधनावर काम करी तेही याच जातीचे. दोन टोकांच्या मध्ये आडवे धरलेले लाकूड, त्याला दोरीचा किंवा धनुकलीचा वेढा, आणि ती पुढेमागे ओढणारा हात, एवढाच त्याचा पसारा.

या कारागिराचे एक जुने आणि मोठे सुरेख दर्शन पाली वाङ्मयात घडते. मज्झिमनिकायातील सतिपट्ठानसुत्तात श्वासाकडे अवधान ठेवणाऱ्या भिक्षूला कुशल कातारी किंवा त्याचा शिष्य यांची उपमा दिलेली आहे. लांब ओढ घेताना ती लांब आहे आणि आखूड घेताना आखूड आहे, हे त्या कारागिराला कळत असते. भिक्षूलाही आपल्या श्वासाचे तसेच भान असावे, असा तिचा आशय. ज्याला ही उपमा सुचली त्याने कातारी काम करताना जवळून पाहिला असला पाहिजे. त्या काळची लाकडी भांडी मातीत गेली. दगडाची मात्र राहिली. पिप्राह्वा येथील स्तूपातून १८९८ साली निघालेली संगजिऱ्याची कातीव पात्रे पाहिली म्हणजे फिरत्या वस्तूवर हत्यार धरणारा हात किती सरावलेला होता, हे ध्यानात येते.

दोरीच्या या जाण्यायेण्यात एक अडचण आहे. पटाशी कापते ती एकाच दिशेच्या फेऱ्यात. उलट फेऱ्यात ती मागे घ्यावी लागते, म्हणजे निम्मा श्रम वाया जातो. घर्षणाला मात्र दिशेचे सोयरसुतक नाही. लाकूड पुढे फिरो की मागे, ऊब वाढतच जाते. काळी रेषा जाळण्यास हे जसे सोयीचे, तसेच लाख चढविण्यासही. लाख साधारणपणे ७५ ते ८० अंश सेल्सिअसला मऊ होते. लाकूड करपण्यास याहून कितीतरी अधिक उष्णता लागते. म्हणून रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडाला टेकविली की लाकूड जळण्याच्या पुष्कळ आधी लाख वितळून त्याला धरते आणि रंगाचे वलय उमटते. त्यावर केवड्याचे सुके पान दाबून धरले की लाख सारखी पसरते व तिला झळाळी येते. काळी रेषा आणि रंगीत रेषा या अशा सख्ख्या बहिणी. एकीच्या वेळी हात आधी थांबतो, इतकेच. ज्या लाखेचे घर कौरवांनी पांडवांना जाळण्यासाठी उभारले, ती लाख कातारी जळू न देता वापरतो.

पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणाऱ्या एका किड्यापासून ही लाख मिळते. पाटण्याच्या जेम्स कर याने त्या किड्याचे वर्णन १७८१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि पुढे शास्त्रज्ञांनी किड्याला त्याचेच नाव दिले. शतकानुशतके ती लाख लाकडावर चढविणाऱ्यांपैकी कोणाचे नाव अशा रीतीने कशालाही मिळालेले नाही.

संखेड्याचे खरादी सागवानावर आधी कुंचल्याने नक्षी काढतात आणि मग तिच्यावर लाख चढवितात. सावंतवाडीच्या चितारआळीतही कातकामाला चिताऱ्याच्या कुंचल्याची जोड मिळाली. निव्वळ घर्षणाची रेषा पाहावयाची तर कर्नाटकातील चन्नपट्टण किंवा आंध्रातील एटिकोप्पाका येथे जावे. दोन्ही ठिकाणी काळ्या कुड्याचे पांढरेशुभ्र, मऊ लाकूड वापरतात. चन्नपट्टणची कला टिपू सुलतानाने इराणी कारागीर आणवून रुजविली, असे तेथे मानले जाते.

या रेषेवर खरे संकट आले ते रंगाच्या वाटेने. विल्यम पर्किन याने १८५६ साली पहिला कृत्रिम रंग तयार केला, आणि तेव्हापासून डबीतले रंग हळूहळू वनस्पतींच्या रंगांना मागे सारू लागले. पुढे विजेची मोटार आली. लाकूड एकाच दिशेने आणि फार वेगाने फिरू लागले. त्यामुळे काम वाढले हे खरे, पण हात जरा जड पडला की लाख करपते. रंगाचा प्रश्न याहून गंभीर होता. चन्नपट्टण काय किंवा एटिकोप्पाका काय, तेथील मुख्य माल म्हणजे खेळणी, आणि तान्हे मूल खेळणे प्रथम तोंडातच घालते. लाख निरुपद्रवी आहे. औषधाच्या गोळ्यांवरही तिचा लेप देतात. तिच्यात मिसळलेल्या स्वस्त रंगात शिसे असले तर मात्र तेच खेळणे विषारी ठरते. एटिकोप्पाक्याचे सी. व्ही. राजू यांनी हळदीसारख्या वनस्पतिजन्य द्रव्यांपासून लाखेत मिसळतील असे रंग पुन्हा सिद्ध केले. त्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. हे काम संग्रहालयासाठी नव्हते, बाजारासाठी होते, आणि म्हणूनच त्याचे मोल अधिक वाटते.

कच्छमधील निरोणा गावचे वाढा कारागीर मात्र जमिनीवर बसून हाताच्या धनुकलीनेच लाकूड फिरवितात. एका हातात धनुकली, दुसऱ्या हातात लाखेची कांडी. रंगाचे पट्टे एकाशेजारी एक बसले की लाख ऊबदार आहे तोवरच ते एकमेकांत सरकवितात, आणि सरळ वलयांची नागमोडी होते. लाख निवली की नागमोडी वळत नाही. मग पुन्हा धनुकली ओढून लाकूड तापवावे लागते.