थ्रॉटल-दोष, अधूनमधून उद्भवणारा

थ्रॉटल-दोष, अधूनमधून उद्भवणारा : चालत्या मोटारीच्या डॅशबोर्डवर थ्रॉटलचा इशारादिवा लागणे, त्याच क्षणी इंजिनाची ताकद जाणे आणि थोड्या वेळाने, बहुधा गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यावर, दोन्ही तक्रारी मागमूस न ठेवता नाहीशा होणे, असा हा बिघाड. गॅरेजच्या भाषेत : ‘रेस दिली तरी गाडी उचलत नाही, आणि गॅरेजात आणली की एकदम ओके.’ मोटार-दुरुस्तीतल्या सर्वांत चिवट तक्रारींत हिची गणना होते. बिघडलेला भाग फार गुंतागुंतीचा असतो असे नाही; तपासणारा समोर आला की दोष हजर राहत नाही, ही खरी अडचण.

पेट्रोल इंजिनात किती हवा शिरावी हे थ्रॉटल बॉडीतली गोल झडप ठरवते. पूर्वी पायाखालचे पेडल आणि ही झडप यांच्यामध्ये पोलादी केबल असे. केबल झिजली, अडकली किंवा तुटली तर ती डोळ्यांना दिसे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बीएमडब्ल्यूने आपल्या ७ मालिकेतल्या मोटारीत केबल काढून तिच्या जागी विजेच्या तारा आणल्या, आणि पुढच्या वीसेक वर्षांत ही पद्धत छोट्या मोटारींपर्यंत उतरली. आता पेडल झडप ओढत नाही; ते फक्त मागणी नोंदवते. मागणी वाचून इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, एका छोट्या मोटरला हुकूम देतो आणि ती मोटर दातेरी चाकांच्या साह्याने झडप फिरवते.

तारांवर एवढी जबाबदारी टाकायची तर एका साक्षीवर विसंबून चालत नाही. म्हणून पेडलला दोन सेन्सर असतात आणि झडपेलाही दोन. अनेक गाड्यांत पेडलच्या पहिल्या सेन्सरचा व्होल्टेज दुसऱ्याच्या नेमका दुप्पट राहतो : एक २ व्होल्ट सांगत असेल तर दुसऱ्याने १ सांगायला हवा. झडपेच्या सेन्सरांची तऱ्हा पुष्कळदा उलटी असते. एक चढतो तसा दुसरा उतरतो, आणि दोघांची बेरीज ५ व्होल्टच्या आसपास टिकते. ईसीयू दर काही मिलिसेकंदांनी हा हिशेब ताडून पाहतो. साक्षी जुळल्या नाहीत की खरे कोण आणि खोटे कोण हे ठरवण्याच्या फंदात तो पडत नाही. दोघांवरचाही विश्वास काढून घेतो आणि दिवा लावतो. या बिघाडाचे मर्म इथेच आहे. दिवा सांगतो तो मतभेद, बिघडलेल्या भागाचे नाव नव्हे.

दिव्याचे रूप कंपनीगणिक बदलते. फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांत, चाकणला बनलेल्या पोलोसह, ‘ईपीसी’ ही अक्षरे उमटतात. जीपमध्ये दोन उलट्या कंसांमधली वीज दिसते. रांजणगावच्या कारखान्यातून २०१७पासून बाहेर पडणाऱ्या कंपासच्या मालकांना ती ओळखीची असेल. जीपमध्ये इंजिन चालू असताना दिवा नुसता लागणे आणि लुकलुकणे यांत फरक आहे : लुकलुकला तर गाडी लगेच दाखवायची. फोर्डमध्ये पाना, जनरल मोटर्समध्ये इंजिनाची ताकद घटवल्याचा सरळ शब्दांतला संदेश, आणि इतर पुष्कळ गाड्यांत नेहमीची पिवळी ‘चेक लाईट’.

दिव्याबरोबर जाणारी ताकद हा बिघाडाचा परिणाम कमी आणि संगणकाचा निर्णय जास्त असतो. मोटरचा वीजपुरवठा तोडला की झडपेच्या स्प्रिंगा तिला पूर्ण मिटू न देता किंचित उघड्या जागी आणून ठेवतात. तेवढ्या हवेवर इंजिन नेहमीपेक्षा चढ्या फेऱ्यांवर नुसते घुरघुरत राहते आणि गाडी रांगत का होईना, रस्त्याच्या कडेला पोचते. मेकॅनिक याला ‘लिंप मोड’ म्हणतात; लंगडी चाल, असे मराठी करायला हरकत नाही. सौम्य प्रकारात पेडल चालते, पण ईसीयू फेऱ्यांवर मर्यादा घालतो. घाटात मागे ट्रक असताना ही लंगडी चाल अंगावर काटा आणते खरी, पण झडप अकारण सताड उघडण्यापेक्षा ती शतपटीने बरी, म्हणून अभियंत्यांनी ती मुद्दाम तशी ठेवली आहे.

चावी फिरवून गाडी पुन्हा चालू केली की ईसीयू साक्षी नव्याने घेतो. त्या घटकेला त्या जुळल्या, तर ताकद परत. चालकाला वाटते आजार गेला. नोंद मात्र मागे उरते : ओबीडीच्या, म्हणजे गाडीतच बसवलेल्या स्वनिदान-पद्धतीच्या, ठरलेल्या नियमानुसार गाडी सलग तीन वेळा निर्दोष चालली की चेक लाईट विझते, पण साठवलेला दोषाचा कोड पुसला जायला इंजिन थंडाचे गरम होण्याचे ४० फेरे लागतात.

कारणांत पहिला मान झिजेचा. जुन्या पद्धतीच्या सेन्सरांत कार्बनच्या पट्टीवरून धातूची बारीक बोटे घासत फिरतात. १९९९पासूनच्या काही वर्षांतल्या व्होल्वो मोटारी या बाबतीत धडा म्हणून सांगितल्या जातात. त्यांत मॅग्नेटी मारेल्लीने बनवलेली थ्रॉटल बॉडी होती. तिच्यातली ही पट्टी झिजत गेली की ‘ईटीएस’ हा दिवा लागे, फेऱ्या डगमगत आणि गाडी लंगडी चाले. तक्रारी इतक्या वाढल्या की अमेरिकेत कंपनीला त्या भागाची हमी १० वर्षे किंवा २ लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. पट्टी सगळीकडे सारखी झिजत नाही, ही यातली मजेची बाब. झडप किंवा पाय जिथे सर्वाधिक काळ विसावतो, म्हणजे बंद स्थितीच्या जवळ आणि महामार्गावरच्या ठरावीक वेगाला, तिथेच खड्डा पडतो. म्हणून काही गाड्या ठरावीक वेगालाच दगा देतात आणि गावात फिरताना अगदी शहाण्यासारख्या वागतात. पुढे चुंबकीय हॉल-सेन्सर आले. त्यांत काहीच घासत नाही.

झीज सेन्सरचीच असते असेही नाही. फोर्डच्या २००९ ते २०१३च्या फ्यूजन आणि एस्केप गाड्यांत थ्रॉटल बॉडीच्याच तक्रारी आल्या, आणि तिथेही हमी १० वर्षे किंवा दीड लाख मैलांपर्यंत वाढवण्यात आली.

सर्वांत विलक्षण उदाहरण टोयोटाचे. गाड्या आपोआप वेग घेतात या तक्रारींनी २००९-१०मध्ये अमेरिकेत गदारोळ उठला, तेव्हा तिथल्या रस्ता-सुरक्षा संस्थेने चक्क नासाच्या अभियंत्यांना चौकशीला बसवले. फेब्रुवारी २०११मध्ये अहवाल आला. झडप मोठ्या प्रमाणात उघडून गाडी बेफाम पळेल असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना आढळला नाही. पण तक्रार आलेल्या एका कॅमरीच्या पेडल-सेन्सरमध्ये कथिलाचा केसाहून बारीक तंतू सापडला. कथिलाच्या मुलाम्यातून असे तंतू आपोआप उगवतात. या तंतूने दोन्ही साक्षीदारांच्या तारा एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. उघड्या डोळ्यांना न दिसणारा हा तंतू एखाद्या गॅरेजात कुणाला सापडला असता, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

रोजच्या गॅरेजात मात्र गुन्हेगार सामान्य कुळातले निघतात. तारा जोडणाऱ्या कपलरच्या पिना सैल झालेल्या असतात. इंजिनाच्या सततच्या थरथरीने पिनेवरचा मुलामा घासून त्यावर गंजाची पातळ साय धरते. कोकणात पावसाळ्याचे चार महिने आणि खारी हवा मिळून तांब्यावर हिरवट थर चढवतात. उभ्या गाडीत उंदीर हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, कुरतडतात. अर्थची तार जिथे बॉडीला बोल्टने आवळलेली असते तिथे रंग किंवा गंज आड येतो. बॅटरी थकलेली असली तर सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळतो आणि ईसीयू गोंधळतो. एक कारण हमखास सुटते : पेडल-सेन्सरला लागणारे ५ व्होल्ट काही गाड्यांत इतर सेन्सरांच्या वाट्यालाही त्याच तारेतून जातात. एसीच्या दाबाचा सेन्सर शॉर्ट झाला की शिक्षा पेडलला होते. अशा वेळी पी०६४१सारखा, ५ व्होल्टच्या पुरवठ्याबद्दलचा कोड सोबत असेल तर पेडलला हात लावण्याआधी तिकडे पाहावे.

फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत आणखी एक गंमत आहे. ब्रेक-लाईटचा साधा स्विच बिघडला तरी ईपीसी पेटते. ब्रेक आणि रेस एकाच वेळी दाबले गेले तर ब्रेकला मान द्यायचा, हे ईसीयूला शिकवलेले असते. ब्रेकच्या दोन संपर्कांत मेळ नसला की त्याला रेसवरही भरवसा वाटत नाही. हा स्विच स्वस्तातला, आणि त्याच्यापायी हजारोंची थ्रॉटल बॉडी बदलली गेल्याच्या कहाण्या गॅरेजवाले हसत सांगतात. ज्याच्या खिशातून पैसे गेले तो अर्थातच हसत नाही.

निदानाचे पहिले हत्यार म्हणजे प्रश्न. दिवा इंजिन थंड असताना लागला की तापल्यावर? पावसात? खड्ड्यात आदळल्यावर? ब्रेक दाबताना? किती वेगाला? पेट्रोल नुकते भरले होते का? चालकाने त्या क्षणी वेळ, वेग आणि हवामान टिपून ठेवले, किंवा सोबतच्याने डॅशबोर्डचा फोटो काढला, तर निम्मे काम झाले. उलट, गाडी गॅरेजात आणण्याआधी बॅटरीची तार काढून ‘रिसेट’ करणे हा पुरावा धुऊन टाकण्याचा प्रकार आहे.

स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावणे ही दुसरी पायरी. ओबीडी-२ ही पद्धत अमेरिकेत १९९६पासून आणि भारतात २०१३पासून बंधनकारक झाली, त्यामुळे आज काही शे रुपयांच्या अ‍ॅडॉप्टरनेही कोड वाचता येतात. पी२१३५ म्हणजे झडपेच्या दोन सेन्सरांत मतभेद, पी२१३८ म्हणजे पेडलच्या दोन सेन्सरांत. पी०१२२ व्होल्टेज फार खाली गेल्याचे सांगतो, पी२११२ झडप मिटलेल्या स्थितीत अडकल्याचे, तर पी२१०६ ताकद मुद्दाम घटवल्याचे. हा शेवटचा कोड निष्कर्षाचा आहे, कारणाचा नाही. तो एकटाच वाचून भाग मागवणारा मेकॅनिक आजाराऐवजी तापाला औषध देतो. कोडसोबत ‘फ्रीझ फ्रेम’ही वाचायची : दोष घडला त्या क्षणीचा वेग, फेऱ्या, इंजिनाचे तापमान तिच्यात गोठलेले असते. हे सगळे कागदावर उतरवून मगच कोड पुसावा. पुष्कळ ठिकाणी क्रम उलटा असतो, आणि मग सगळेच अंधारात चाचपडतात.

यानंतर इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून पेडल अगदी सावकाश तळापर्यंत दाबायचे आणि स्कॅनरवर दोन्ही आकडे पाहायचे. ते गुळगुळीत चढले पाहिजेत. मात्र स्कॅनर आणि मल्टीमीटर सेकंदाला मोजक्याच वेळा वाचन घेतात. विसेक मिलिसेकंदांचा तुटकपणा त्यांच्या बोटांतून निसटतो. तिथे ऑसिलोस्कोप लागतो. त्याच्या पडद्यावर झिजलेली जागा रेषेत खाच पाडून दिसते. दुसरीकडे कुणीतरी हार्नेस हळूहळू हलवत, कपलर वाकवत, तारा ताणत राहायचे. रेषा ज्या जागी उडते ती जागा पकडायची. उष्णतेवर संशय असेल तर हेअर ड्रायरने एकेक भाग तापवून पाहतात. अर्थची तपासणी तार जागच्या जागी, विद्युतभार चालू असताना करावी लागते. काढलेल्या तारेचा रोध शून्य दिसला म्हणून ती निर्दोष ठरत नाही : सातपैकी सहा धागे तुटलेली तारही मीटरला समाधानी ठेवते.

‘थ्रॉटल बॉडी क्लीन करून घ्या’ हा सल्ला सर्रास मिळतो. झडपेच्या कडेला काजळी जमून फेऱ्या डगमगत असतील किंवा झडप चिकटत असेल तर तो योग्यच आहे. सेन्सरांच्या मतभेदावर मात्र फवाऱ्याचा उपयोग नाही. साफ करताना इग्निशन चालू ठेवून झडप बोटाने ढकलू नये. दातेरी चाके दुखावतात, आणि मोटर फिरली तर बोटही. साफसफाईनंतर बहुतेक गाड्यांना झडपेची नवी मिटलेली जागा शिकवावी लागते, नाहीतर फेऱ्या चढ्याच राहतात आणि मालक आधीपेक्षा जास्त वैतागतो.

ताकद गेली पण थ्रॉटलचा कोडच नसेल, तर शोध अन्यत्र न्यावा : थकलेला इंधनपंप, तुंबलेला फिल्टर, चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, टर्बोची फाटलेली नळी. डिझेल इंजिनात ताकद मुख्यतः इंधनाच्या मात्रेवर ठरते, झडपेवर नाही. तिथे पेडलच्या सेन्सरइतकाच संशय टर्बो, ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारी झडप) आणि काजळीने भरलेल्या फिल्टरवर घ्यावा लागतो.

दुचाकीही आता या गोतावळ्यात आल्या आहेत. बजाजच्या चाकण कारखान्यात बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकला २०१७च्या आवृत्तीपासून केबलऐवजी तारा आल्या. मूठ पिळणारा हातही आता फक्त मागणी नोंदवतो. विजेच्या मोटारींत थ्रॉटलची झडपच उरलेली नाही, तरी पेडलखाली एकाहून अधिक साक्षीदार ठेवण्याची रीत तिथेही चालूच आहे, आणि त्यांचे पटले नाही की तिथली गाडीही रांगू लागते.